मानेवरची जट

‘हे मला येत नाही’ एवढं साधं वाक्य सुषमाला आयुष्यात कधी बोलता आलं नाही, आणि सगळी गोम तिथंच होती. धरणगावकडची पोरगी. लग्न होऊन सुरतेला आली, नवरा वाल्मिक पांडेसऱ्याच्या एका मिलमध्ये प्रिंटिंग खात्याला. बमरोलीच्या गल्लीत एक खोली. तिनं उधन्याला जाऊन सहा आठवड्यांचा पार्लरचा कोर्स केला, खोलीच्या पुढच्या निम्म्या भागात पडदा टांगला, आरसा लावला आणि दारावर पाटी ठोकली. भुवया कोरायच्या, मेंदी काढायची, लग्नाच्या हंगामात एखाद्या नवरीचा अंबाडा घालायचा. छान चाललं होतं. गल्लीतल्या बायका तिला पार्लरवाली म्हणायच्या आणि बाईसाहेबांना ते भारी आवडायचं.

सत्त्याण्णव सालच्या चैत्रात मकानमालकाची मुलगी एक मासिक घेऊन आली. आतल्या पानावर एक बाई होती, तिचे केस कपाळापासून टोकापर्यंत बारीक चुण्याचुण्यांचे, क्रश दुपट्टा असतो ना तसे. महिन्याभरानं माझं रिसेप्शन आहे, मला असेच केस पाहिजेत, येईल ना तुला, असं तिनं गुजरातीत विचारलं. सुषमा म्हणाली, त्यात काय, वीस वेळा केलंय. वीस वेळा! कोर्समध्ये त्याचं मशीन बाईंनी लांबून दाखवलं होतं, हात लावू दिला नव्हता.

मग बाईसाहेब लागल्या प्रयोगाला. आधी स्वतःच्याच ओल्या केसांच्या वीस-बावीस बारीक वेण्या घातल्या, वाळल्यावर सोडल्या. चुण्या कसल्या, नुसता फुगलेला टोपला झाला. मग तिला एक युक्ती सुचली आणि ती खरंच हुशारीची होती. आकड्याची मोठी पिन घ्यायची, तिच्या दोन पायांमधून केसांची बारीक बट आलटून पालटून गुंडाळत न्यायची, वर कागद धरायचा आणि कपड्याची इस्त्री दाबायची. पिन ओढून काढली की चुण्या हजर, अगदी फोटोतल्यासारख्या. सुषमा आरशासमोर नाचायचीच राहिली. पण सुरतेची हवा ती. सकाळी दहाला दाबलेल्या चुण्या बाराच्या आत घामानं सपाट. मग चुण्या टिकवायच्या कशा, याच्यामागं ती लागली. साखरेचं पाणी लावलं, तर दुपारी डोक्यात मुंग्या. भाताची पेज लावली, तर वाळून तिचे पांढरे पापुद्रे पडले आणि समोरची बाई म्हणाली, सुषमा, तुला कोंडा झालाय का गं? दुकानात मिळतो तो केस धरून ठेवायचा फवारा परवडण्यासारखा नव्हता, आणि परवडला असता तरी एवढ्या घामापुढं त्याचं काय चाललं असतं कोण जाणे.

घरात डालड्याच्या डब्यात वाल्मिकनं मिलमधून आणलेलं पांढरं पातळ दुधासारखं काहीतरी होतं. उखडलेली चपलेची पट्टी चिकटवायला आणलं होतं त्यानं, कुणाला न विचारता. मिलमध्ये त्याला बाइंडर म्हणतात. छापलेला रंग कापडाला धरून ठेवतो. सुषमानं बोट बुडवून स्वतःच्या एका बटेला लावलं, वाळू दिलं, बट कडक झाली, मग पाण्यानं धुतली तर सगळं सुटून गेलं. झालं! हाच आपला फवारा, असं तिनं ठरवून टाकलं. आता बाइंडर पक्का होतो तो तापल्यावर. कापड छापून झालं की त्याला कडक धग देतात ती त्याचसाठी. मिलमधल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं आणि वाल्मिकला तर होतंच. पण त्याला विचारायचं म्हणजे आपल्याला येत नाही हे कबूल करायचं. तिनं विचारलं नाही.

आता डोकं कुणाचं घ्यायचं? मकानमालकाच्या मुलीवर पहिला प्रयोग करायचा नाही, एवढी अक्कल तिला होती. स्वतःचे केस म्हणजे पार्लरची जाहिरात, ते बिघडून चालणार नव्हते. शेजारच्या खोलीत परभणीकडच्या शांताबाई राहायच्या, त्यांची लेक दिपाली. नवरा मागेच वारलेला, मायलेकी लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात बॉबिनवर सूत गुंडाळायला जायच्या. दिपाली एकोणीस वर्षांची, केस कमरेखाली, आणि बोलणं इतकं थोडं की समोर बसली असली तरी विसरायला व्हायचं. उधन्याच्या एका लूम कारागिराशी तिचा साखरपुडा झाला होता, दिवाळीनंतर लग्न. ती रोज संध्याकाळी येऊन सुषमाच्या पडद्याशी उभी राहायची, नुसती बघत. आपलीच आहे पोरगी, तिच्यावर करून बघू, असं सुषमानं मनाशी म्हटलं. आपलीच! तक्रार करणार नाही, तिच्या बाजूनं भांडायला कुणी येणार नाही, हा त्याचा खरा अर्थ, आणि तो सुषमाला तेव्हाही कळत होता. उगाच कशाला खोटं बोला.

रविवारी दुपारी तिनं दिपालीला खाली बसवलं. बिघडलंच तर दिसायला नको म्हणून मानेजवळचे, आतल्या थरातले केस घेतले. बाइंडर चोळला, बटा पिनांवर गुंडाळल्या, कागद धरला, इस्त्री दाबली. हवा दमट म्हणून चुण्या नीट धरेनात, तेव्हा इस्त्री आणखी तापवली आणि परत परत दाबली. वास सुटला, मिलच्या फाटकाशी येतो तसा. चुण्या मात्र अशा उठल्या की काय सांगावं. तिनं वरचे केस बाजूला करून दोन आरसे धरून दाखवलं तेव्हा दिपाली चक्क हसली. म्हणाली, “ताई, लग्नात माझे असेच कराल?” सुषमा म्हणाली, करीन की, फुकट करीन.

तिसऱ्या दिवशी दिपाली केस धुऊन आली आणि पडद्याआड उभी राहून हळूच म्हणाली की कंगवा आत जात नाहीये. सुषमानं हात घातला. बटा सुटल्याच नव्हत्या. पाण्यानं नाही, शिकेकाईनं नाही. एकमेकींना धरून त्यांची दोरखंडं झाली होती. तिनं खोबरेल चोळलं, रॉकेल चोळलं, कंगव्याचे दोन दात मोडले, दिपालीच्या डोळ्यांतून पाणी आलं पण तोंडातून हूं की चूं नाही. तेव्हाच कात्रीनं तेवढ्या बटा कापल्या असत्या तर गोष्ट तिथं संपली असती. पण साखरपुडा झालेल्या पोरीचे केस कापले, हे शांताबाईंना कोण सांगणार? आणि मालकाच्या मुलीच्या कानावर गेलं म्हणजे? सुषमानं वरून घट्ट वेणी घालून दिली आणि सांगितलं, आठ दिवसांत आपोआप सुटेल, आईला बोलू नकोस.

आठ दिवसांत काय सुटतंय! दिपाली रोज दहा तास बॉबिनपाशी, तिथली सगळी सुताची भुकटी उडून तेलकट केसांत. वर घट्ट वेणी, खाली घाम, झोपेत घासणं. आजूबाजूचे चांगले केसही त्यात ओढले गेले. पंधरवड्यानं शांताबाईंनी लेकीला न्हायला बसवलं, वेणी सोडली आणि किंचाळल्या. मानेवर तीन जाड, चपट्या, काळपट वळ्या लोंबत होत्या.

गल्ली गोळा झाली. भागीरथी आजी पुढे आली. आजी खानदेशातली, कानबाईच्या उत्सवाला हिच्याशिवाय गल्लीचं पान हलायचं नाही. तिनं वळ्या हातात घेतल्या, उलटसुलट बघितल्या, दोन्ही हात जोडले आणि म्हणाली, “हाई त जट शे माय. देवी उनी.”

शांताबाईंनी लेकीला जवळ ओढलं. त्यांच्या माहेरी एका आत्याला जट होती, ती जन्मभर परडी घेऊन दारोदार फिरली. त्यांनी लेकीला विचारलं, काही लावलं होतंस का गं? दिपाली म्हणाली, सुषमाताईंनी काहीतरी लावलं होतं. मग सगळ्या बायांच्या नजरा सुषमावर. शांताबाईंनी तोंडावरच विचारलं.

“मी नुसता कंगवा फिरवला होता, मावशी,” सुषमा म्हणाली. “पाणी आणि कंगवा, बस.”

तिच्या तोंडून ते इतकं सरळ बाहेर पडलं की तिचं तिलाच नवल वाटलं. शांताबाईंनी लेकीच्या थोबाडीत मारली. देवी आली ती आली, वरून दुसऱ्यावर ढकलायलीस, असं म्हणून आणखी एक मारली. दिपालीनं सुषमाकडे बघितलं. रागानं नाही हो. रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं. सुषमाताई शिकलेल्या आहेत, त्या म्हणतात तसंच असेल, असं काहीतरी त्या बघण्यात होतं. सुषमा घरात आली आणि तिनं डालड्याचा डबा मोरीत रिकामा केला.

रात्रीच्या पाळीला निघालेल्या वाल्मिकला तिनं सांगितलं, कारण कुणालातरी सांगितल्याशिवाय तिला राहवेना. त्याला आधी कळेना, मग कळलं तेव्हा त्यानं कपाळावर हात मारला. तापवलंस कशाला, एवढंच आधी म्हणाला. मग खाली बसून म्हणाला, “सुपरवायझरले समजनं ना, मन्ही नोकरी जाई. तू गप ऱ्हाय.” डबा चोरीचा होता, तेव्हा त्याचंही खोटं नव्हतं. सुषमा गप राहिली. गप राहायला आता तिच्याकडे चांगलं कारण होतं आणि ते नवऱ्याचं होतं, हे तिला किती सोयीचं पडलं म्हणून सांगू.

उधन्याहून नवऱ्या मुलाचे वडील आले. चहा प्यायले, दिपालीच्या पायांना लांबून हात जोडले आणि म्हणाले, देवीचं माणूस आमच्या घराला झेपायचं नाही. भांडण नाही, तंटा नाही. साखरपुड्याची साडी परत मागितली नाही, उलट तीच देवीला राहू द्या म्हणाले. शांताबाईंनी ठरवलं, येत्या पुनवेला लेकीला तुळजापूरला न्यायचं, गळ्यात माळ घालायची, हातात परडी द्यायची. म्हणजे मग लग्नाचा विषय कायमचा संपला. बसची तिकिटंही काढली.

आणि इकडे मालकाच्या मुलीचं रिसेप्शन झालं. सुषमानं बाइंडर-बिइंडर काही न लावता नुसत्या पिना आणि इस्त्रीनं चुण्या पाडल्या, हॉलवरच बसून रिसेप्शनच्या तासभर आधी. टिकल्या तेवढ्या टिकल्या. फोटोपुरत्या पुष्कळ झाल्या. मालकीणबाईंनी चारचौघींत तिची तारीफ केली, दोन बायांनी पत्ता विचारून घेतला. घरी येताना सुषमाच्या हातात मिठाईचा पुडा होता आणि गल्लीच्या तोंडाशीच तिला झांजांचा आवाज आला. शांताबाईंच्या दारात चपलांचा ढीग पडला होता. तिला तो पुडा कुठं लपवावा कळेना. जाता जाता तिनं तो पदराखाली धरला, जणू चोरून आणलाय.

शुक्रवारी बाया जमायच्या. आधी गल्लीतल्या, मग पांडेसऱ्याहून, मग कुठून कुठून. दिपालीला पाटावर बसवायचं, साखरपुड्याचीच साडी नेसवायची, केस मोकळे सोडायचे, जटेला हळदकुंकू वाहायचं. पहिल्या शुक्रवारी ती पुतळ्यासारखी बसली होती. दुसऱ्या शुक्रवारी झांजा वाढल्या, ऊद पेटला आणि दिपाली घुमायला लागली. जी पोरगी दुकानात मीठ मागताना अडखळायची, ती मान गरागरा फिरवून खणखणीत आवाजात बोलायला लागली. बाया प्रश्न विचारायच्या. मूल होईल का, नवऱ्याची दारू सुटेल का. ती उत्तरं द्यायची. शांताबाई बाजूला उभ्या राहून रडायच्या आणि त्यांना आता गल्लीत सगळ्या ‘माय’ म्हणायच्या.

सुषमा गेली नसती तर लोकांच्या डोळ्यांत आलं असतं, म्हणून ती जायची. रांगेत उभी राहायची. आपली पाळी आली की चिमटीत कुंकू घ्यायची आणि आपणच दाबलेल्या वळीवर ते लावायची. धुपाच्या वासातूनही तिला इस्त्रीचा तो वास यायचा. खरंच यायचा की तिच्या मनाला यायचा, देव जाणे. दर वेळी वाटायचं, आता बोलावं. दर वेळी मागची बाई ढकलायची आणि ती पुढं सरकायची. घरी येऊन आंघोळ करायची, तरी हात धुतल्यासारखे वाटायचे नाहीत. स्वतःला आरशात बघणं तिनं टाकलं होतं. पार्लर चालवणाऱ्या बाईनं आरशात बघायचं नाही म्हणजे काय होत असेल, विचार करा.

पुनवेच्या आधीच्या शुक्रवारी ती वाकली तेव्हा दिपालीनं अचानक तिचं डोकं दोन्ही हातांनी धरलं. डोळे मिटलेले, कपाळभर कुंकू, श्वास भरलेला. झांजा थांबल्या. सुषमाला वाटलं, आता ही सगळ्यांसमोर बोलणार. आणि काय सांगू, तिला सुटल्यासारखं वाटलं. बोल बाई, तूच बोल, असं तिचं मन म्हणालं.

“तुझं चांगलं होईल,” दिपाली म्हणाली. “तुझ्या हाताला यश येईल.”

बाया म्हणाल्या, नशीबवान आहेस गं सुषमा. सुषमा तिथून उठली ती थेट मोरीत जाऊन डोक्यावर पाणी ओतत राहिली. धरणीनं पोटात घ्यावं असं लोक म्हणतात, ते तिला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाल्मिक कामावरून येऊन झोपला होता. तिनं त्याला उठवलं नाही, विचारलंही नाही. शांताबाई दारात तांदूळ निवडत होत्या, भागीरथी आजी शेजारी. दिपाली आत. सुषमा उभ्या उभ्याच बोलली. काय लावलं, कुठून आलं, इस्त्री किती वेळा दाबली, सगळं. मध्ये थांबली असती तर परत सुरू करता आलं नसतं, म्हणून थांबली नाही.

शांताबाईंनी सूप खाली ठेवलं. मग म्हणाल्या, “त्या दिवशी मी तुला इचारलं व्हतं की.”

“हो मावशी.”

“तू न्हाई म्हणालीस.”

“हो.”

“मी ह्या हातानं मारलं लेकराला.” आणि त्यांनी तो हात पुढं करून दाखवला, जणू सुषमानं तो कधी बघितलाच नव्हता. सुषमाला त्यांनी शिव्या दिल्या असत्या, झिंज्या उपटल्या असत्या, तर तिनं खुशाल उपटू दिल्या असत्या. तसलं काही झालं नाही.

आजी मात्र मानायला तयार नव्हती. देवीला यायचं असलं की ती कशातूनही येते, गोंदातून येईल नाहीतर शेणातून, असं तिचं म्हणणं. तू निमित्त झालीस, एवढंच, पण जटेला कात्री लावली आणि पोरीचं काही बरंवाईट झालं, तर कोण भरून देणार? शांताबाईंचा चेहरा पडला. त्यांचा सुषमावर विश्वास बसला होता, पण भीती विश्वासाला कुठं जुमानते? ह्या बाईनं एकदा खोटं सांगितलंय, आज खरं सांगतेय कशावरून, हेही त्यांच्या डोळ्यांत होतं. आणि त्यात त्यांची काही चूक नव्हती.

सुषमा घरी गेली आणि तिनं वाल्मिकला उठवलं. म्हणाली, मला आणखी वाटीभर बाइंडर पाहिजे. तो आधी भडकला. ती नुसती उभी राहिली. तिची ती उभी राहण्याची तऱ्हा बघून तो उठून बसला. दुपारी मिलमध्ये गेला आणि या खेपेला सुपरवायझरला विचारून घेऊन आला. घरच्या कामाला पाहिजे, म्हणाला. सुपरवायझरनं मान हलवली, संपलं. एवढं सोपं होतं ते.

संध्याकाळी उजेड असताना तिनं इस्त्रीची वायर दारातून बाहेर ओढली आणि शांताबाईंच्या ओट्यावर बसली. गल्ली जमलीच. तिनं स्वतःच्या मानेवरचे केस पुढं घेतले, बाइंडर चोळला, बटा पिनांवर गुंडाळल्या, कागद धरला आणि इस्त्री दाबली, जशी दाबली होती तशीच, परत परत. बोलत मात्र होती. हे असं केलं, मग असं केलं, हात भाजला तरी बोलत राहिली. इतकी वर्षं ज्या बायांसमोर तिनं मला सगळं येतं म्हणून नाक वर केलं, त्याच बायांना ती आता आपण कसं बिघडवलं ते शिकवत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच ओट्यावर तिनं शिकेकाईनं डोकं धुतलं. कुणीही या, बघा, म्हणाली. बाया एकेक करून आल्या, वळी दाबून बघितली. ती सुटत नव्हती. एक-दोघींचे हात सवयीनं जोडले गेले आणि त्यांनी ते ओशाळून खाली घेतले. आजीनंही वळी हातात घेतली, वास घेतला आणि आपल्या घराकडे चालायला लागली.

सुषमानं कात्री उचलली आणि स्वतःचे केस कापले. मानेवरचे तेवढे कापून भागलं असतं, पण तिनं सगळेच कानाच्या वर घेतले. पार्लरची जाहिरात ओट्यावर पडली. कुणाला घेरी आली नाही, आभाळ कोसळलं नाही.

मग शांताबाई आत गेल्या आणि दिपालीला हाताला धरून बाहेर घेऊन आल्या. म्हणाल्या, “आता हिचेबी तूच काप.”

दिपाली तिच्यासमोर पाठ करून बसली. तीन वळ्या मुळाशी कापाव्या लागल्या, आणि भोवतीचे केस इतके ओढले गेले होते की तेही ठेवता येईनात. कमरेखालचे केस गेले, मागं पोरांसारखं बोडकं डोकं राहिलं, मानेवर लाल चट्टे. बाया हळूहळू निघून गेल्या. दिपालीकडे बघून कुणी हात जोडले नाहीत. कालपर्यंत तिच्या पायावर डोकं ठेवणारी समोरची बाई तर तिच्या अंगावरून अशी गेली की जणू ओट्यावर कुणी बसलेलंच नाही. शांताबाई तिकिटं परत करता येतील का ते बघायला नाक्यावर गेल्या. उधन्याला निरोप धाडते, म्हणाल्या. पण ते लोक आता काय म्हणतील, हे त्यांनाही कळत होतं आणि सुषमालाही.

ओट्यावर दोघीच उरल्या. सुषमानं माफी मागायला तोंड उघडलं. तिनं ती पाठच केली होती, कालपासून.

“ताई,” दिपाली म्हणाली. तिनं मागं वळून बघितलं नव्हतं. “तुम्ही आईला नाही म्हणालात ना, तेव्हा मला वाटलं मलाच काहीतरी भलतं आठवतंय. मग मीच रोज माझ्याच पाया पडायला लागले. आरशात बघून.”

सुषमानं कात्री मिटून बाजूला ठेवली.

“देवी नव्हती, मग माझ्या अंगात यायची ती कोण होती?”

सुषमाला सगळं सांगता आलं होतं. बाइंडर कसा पक्का होतो, इस्त्री किती तापवायची, कात्री कुठं लावायची. यावर मात्र मला नाही माहीत, असं ती म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदाच म्हणाली, आणि ते कुणाच्याही उपयोगाचं नव्हतं.

“मी बायांना सांगायची, मूल होईल, दारू सुटेल,” दिपाली म्हणाली. “त्या खरं धरून गेल्या. मी खोटं बोलत नव्हते हो, ताई. पण आता मी खोटारडीच ना? आता मी गल्लीत तोंड कसं दाखवू?”

लाज माझी आहे, तुझी नाही, असं सुषमाला ओरडून सांगायचं होतं. पण दिपालीनं ओढणी बोडक्या डोक्यावरून पार कपाळापर्यंत ओढून घेतली होती. ती उठली, आपल्याच दारात चोरासारखी इकडेतिकडे बघून आत गेली आणि तिनं आतून कडी लावली. सुषमा ओट्यावर बसून राहिली, दोघींचे कापलेले केस गोळा करत.